महाविद्यालयाचे पहिले वर्ष आणि अबोल विद्यार्थी



वसंत ऋतूतील व्याख्याने आणि मुलांच्या परीक्षा यांची गाठ आपल्याकडे दरवर्षी पडते. आज येथे बसलेल्या कित्येक घरांतील मुलगा किंवा मुलगी बारावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली असेल. घरात चर्चा चालते ती गुणांची, सी.ई.टी.ची, प्रवेशाच्या फेऱ्यांची, कॉम्प्युटर घ्यावे की मेकॅनिकल याची, आणि अर्थात फीची. प्रवेश मिळाल्यावर त्या पहिल्या वर्षात मुलाच्या मनाचे काय होणार, हा प्रश्न सहसा कोणी काढत नाही. बोलक्या मुलाच्या बाबतीत तो न काढला तरी फारसे बिघडत नाही. आठ दिवसांत त्याच्याभोवती चार मुले जमतात. परंतु प्रत्येक वर्गात काही मुले अशी असतात की ती कोपऱ्यातील बाकावर बसतात, हजेरीला उत्तर देतात आणि तास संपला की निघून जातात. त्यांच्याविषयी कोणाची तक्रार नसते, म्हणून त्यांच्याविषयी कोणी विचारही करीत नाही. हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ निश्चित केला पाहिजे. अंतर्मुख आणि बहिर्मुख ही स्वभावाची विभागणी स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग याने १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने जगभर रूढ केली. ज्याच्या मनाचा ओढा बाहेरच्या माणसांकडे व घडामोडींकडे असतो तो बहिर्मुख, आणि ज्याचा ओढा स्वतःच्या विचारांकडे व अनुभवांकडे असतो तो अंतर्मुख, असे त्याचे सामान्य म्हणणे. दोन्ही प्रवृत्ती प्रत्येक माणसात असतात, भेद प्रमाणाचा असतो, हेही त्यानेच सांगितले. पुढे अमेरिकेत जेरोम केगन या संशोधकाने चार महिन्यांच्या तान्ह्या मुलांपुढे नवे आवाज, नवे वास, नव्या वस्तू ठेवून पाहिल्या. सुमारे पाचवा हिस्सा मुले हातपाय झाडून रडू लागली. ही मुले मोठेपणी नव्या परिस्थितीत बिचकणारी, जपून वागणारी निघण्याचा संभव इतरांपेक्षा जास्त आढळला. तरीही त्यांतील अनेक जण तसे निघाले नाहीत. याचा अर्थ असा की, स्वभावाचा काही भाग आपण जन्मतः घेऊन येतो. परंतु त्या स्वभावाचे पुढे काय होईल हे जन्माच्या वेळी ठरलेले नसते.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. गप्प बसणारा प्रत्येक मुलगा अंतर्मुख असतो असे नाही. गप्प बसण्याची निदान तीन कारणे असतात. एक, त्याला कमी बोलणे आवडते आणि थोड्या माणसांत तो सुखी असतो. ही खरी अंतर्मुखता. दुसरे, त्याला बोलायची इच्छा असते, पण लोक हसतील या भीतीने शब्द बाहेर पडत नाही, हा बुजरेपणा. तिसरे, त्याला बोलता येते, इच्छाही असते, परंतु ज्या भाषेत बोलायचे ती भाषा त्याच्या जिभेवर बसलेली नसते, किंवा ज्या समाजात तो जाऊन बसला आहे तेथे आपल्याला स्थान आहे असे त्याला वाटत नाही. खेड किंवा मावळ तालुक्यातल्या मराठी शाळेतून आलेला मुलगा आकुर्डी-निगडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात पहिला तास इंग्रजीत ऐकतो, आजूबाजूची मुले एकमेकांशी हिंदीत किंवा इंग्रजीत बोलताना पाहतो, आणि गावात सर्वांत जास्त बोलणारा असूनही सहा महिने मुका होतो. त्याला अंतर्मुख म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याची अडचण स्वभावाची नसून ओळखीची आणि भाषेची आहे, आणि तिचा उपायही निराळा आहे. पहिल्या प्रकारच्या मुलाला मोकळीक लागते, दुसऱ्याला धीर लागतो, तिसऱ्याला हात लागतो. एकाच मुलात ही तिन्ही कारणे एकत्र असू शकतात, हे आणखी लक्षात ठेवावे.

आता पहिले वर्षच अवघड का जाते, ते पाहू. शाळेमध्ये सोबत न मागता मिळत असे. तोच वर्ग, तोच बाक, तीच मुले, दहा-दहा वर्षे. अबोल मुलालाही तेथे दोन-तीन मित्र आपोआप मिळालेले असतात. ते कसे मिळाले हे त्याला स्वतःला सांगता येत नाही. महाविद्यालयात ही सर्व व्यवस्था एका दिवसात मोडते. साठ-सत्तर अनोळखी चेहरे, प्रात्यक्षिकांसाठी पाडलेल्या वेगळ्या बॅच, तासातासाला बदलणाऱ्या खोल्या. जुने मित्र कोणी वाणिज्य शाखेला गेलेला, कोणी आय.टी.आय.ला, कोणी दुसऱ्या गावी. जे शाळेने न मागता दिले ते येथे स्वतः मिळवावे लागते, आणि तेही अशा मुलाला, ज्याने ते कधी मिळवलेलेच नसते.

आपल्या भागात यात आणखी एक भर पडते. येथील विद्यार्थी साधारणतः दोन प्रकारचे असतात. एक घरून ये-जा करणारा, आणि दुसरा लातूर, जळगाव, सोलापूर, यवतमाळ अशा ठिकाणांहून येऊन वसतिगृहात किंवा कॉट बेसिसवर राहणारा. पहिला तास संपताच लोकल पकडतो. मित्र होण्याचा जो काळ, म्हणजे तासांच्या आधीचा आणि नंतरचा, तो त्याचा प्रवासात जातो. दुसऱ्याला वेळ भरपूर असतो. परंतु तीन-चार अनोळखी मुलांच्या खोलीत त्याला एकांत म्हणून मिळत नाही. एकाला माणसे मिळत नाहीत, दुसऱ्याला माणसांपासून सुटका मिळत नाही, आणि दोघेही अखेर मोबाइलमध्ये तोंड घालून बसतात. बाहेरून पाहणाऱ्यास दोघांची अवस्था सारखीच दिसते.

यावर वडीलधारी मंडळी जो उपदेश करतात तो ठरलेला असतो: 'जरा बोलत जा, चार लोकांत मिसळत जा.' उपदेश करणाऱ्याचा हेतू चांगला असतो. परंतु २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात काही लोकांना आठवडाभर मुद्दाम बोलके, उत्साही, पुढे-पुढे करणारे होऊन वागण्यास सांगितले गेले. एकंदरीत पाहता लोकांना त्याने बरे वाटले. परंतु जे स्वभावाने अधिक अंतर्मुख होते त्यांना तो लाभ फारसा झाला नाही. उलट ते थकले, आणि आपण आपल्यासारखे वागत नाही असे त्यांना वाटत राहिले. तेव्हा अबोल मुलाने सोंग घ्यावे, हा उपाय खर्चिक आहे. मग त्याने करावे काय?

याचे उत्तर शोधण्यापूर्वी मैत्री मुळात होते कशी, हे पाहिले पाहिजे. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात मोरलँड आणि बीच या दोन संशोधकांनी केलेला एक प्रयोग १९९२ साली प्रसिद्ध झाला. दिसण्यात साधारण सारख्या अशा चार तरुणी त्यांनी निवडल्या. एकीने एका वर्गाच्या तासांना एकदाही जायचे नाही, दुसरीने पाच तासांना, तिसरीने दहा आणि चौथीने पंधरा तासांना जाऊन बसायचे. अट एकच की कोणाशी बोलायचे नाही. सत्राच्या शेवटी वर्गातील विद्यार्थ्यांना चौघींची चित्रे दाखवली, तेव्हा जी जास्त वेळा येऊन बसली होती ती त्यांना जास्त आवडली. एक शब्दही न बोलता! केवळ नेमाने दिसत राहण्याने परकेपणा कमी होतो, हे अबोल विद्यार्थ्याच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. त्याची हजेरी हेच त्याचे पहिले बोलणे असते.

अर्थात केवळ दिसण्याने मैत्री होत नाही. तिला वेळ लागतो. किती लागतो याचाही अंदाज २०१८ साली जेफ्री हॉल या अमेरिकन अभ्यासकाने काढला. नुसती ओळख असलेल्या माणसाशी साधारण मैत्री होण्यास सुमारे ५० तासांचा सहवास लागतो, मित्र म्हणता यावे यासाठी सुमारे ९० तास, आणि जिवलग होण्यास २०० तासांहून अधिक. त्याच अभ्यासात असेही दिसले की, कामाच्या जागी किंवा वर्गात केवळ शेजारी बसून काढलेले तास तितकेसे उपयोगी पडत नाहीत. बरोबर चहा पिण्याचे, चालण्याचे, गप्पांचे तास उपयोगी पडतात.

हे आकडे आपल्या गावाला लावून पाहू. चिंचवडहून शिवाजीनगरला लोकलने जाणारी दोन मुले रोज एकाच डब्यात भेटली, आणि जाताना अर्धा तास व येताना अर्धा तास बरोबर राहिली, तर दिवसाचा एक तास होतो. आठवड्याचे पाच. दहा आठवड्यांत ५० तास भरले. जून-जुलैत प्रवेश घेतलेल्या मुलाला जो प्रवास शत्रू वाटतो, तोच त्याचा सर्वांत मोठा साहाय्यक होऊ शकतो, फक्त डबा आणि गाडीची वेळ रोज बदलता कामा नये. आणि त्या अर्ध्या तासात सतत बोलत राहावे लागते असेही नाही. खिडकीबाहेर पाहत, मधून 'उद्या सबमिशन आहे ना?' एवढे विचारणाऱ्या दोन मुलांचीसुद्धा मैत्री होते.

मला वाटते, हे तत्त्व या शहराला कोणी नव्याने शिकवावे असे नाही. हे शहरच मुळी परगावाहून आलेल्यांनी वसवलेले आहे. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, त्यानंतर मोठमोठे मोटार कारखाने उभे राहिले, आणि या शतकात तीच लाट चाकणपर्यंत पोहोचली. साताऱ्याचा, मराठवाड्याचा, कोकणचा, खानदेशचा तरुण येथे एक ट्रंक घेऊन आला आणि भोसरीत किंवा पिंपरीत चौघांच्या खोलीत राहिला. त्यांच्यातही अबोल माणसे होतीच. त्यांना 'मिसळत जा' असे सांगायला कोणी नव्हते. पण कंपनीच्या बसमधली जागा ठरलेली होती, शिफ्ट ठरलेली होती, मशीन ठरलेले होते, कँटीनमधले टेबल ठरलेले होते. एकाच मशीनवर एक माणूस जाताना दुसरा येत असे, आणि काम हाती देताना चार शब्द होत. पुढे भिशी झाली, गणेशोत्सवाचे मंडळ झाले, एकमेकांच्या मुलींच्या लग्नात अक्षता झाल्या. ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि हातात काम, या तीन गोष्टींनी ती माणसे एकमेकांची झाली. अबोल विद्यार्थ्यालाही याच तीन गोष्टी लागतात. फरक इतकाच की कारखान्यात त्या व्यवस्थापनाने लावून दिल्या होत्या, महाविद्यालयात त्या त्याने स्वतःच्या स्वतः लावून घ्यायच्या आहेत.

याचे व्यावहारिक रूप असे. पहिल्या पंधरवड्यात वर्गातील एक जागा धरावी आणि ती सोडू नये. साठ मुलांशी ओळख करण्याचा विचार सोडून द्यावा. प्रात्यक्षिकात शेजारी उभ्या असलेल्या एकाशीच ओळख करावी. तेथे वाचन घ्यायचे असते, जर्नल लिहायचे असते, म्हणजे बोलायला विषय आयता असतो. प्रात्यक्षिक संपल्यावर लगेच निघण्याऐवजी आठवड्यातून दोनदा कँटीनमध्ये एक चहा होईपर्यंत थांबावे. हॉलच्या अभ्यासातले उपयोगी तास ते हेच.

दुसरे, एका तरी मंडळात जावे. पण ज्यात हाताला काम आहे अशाच. व्यासपीठावर बोलणाऱ्यांपेक्षा मागे राबणारे नेहमी अधिक लागतात. १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांत रंगमंचावर जितकी मुले दिसतात, त्यांच्यामागे नेपथ्य, प्रकाश आणि संगीत सांभाळणारीही मुले असतात. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, महाविद्यालयाचे वार्षिक, शर्यतीसाठी गाडी तयार करणारा विद्यार्थ्यांचा संघ, यांत कमी बोलून पुष्कळ काम करणारा मुलगा लवकरच हवाहवासा होतो.

तिसरे, शिक्षकांशी बोलणे. भर वर्गात हात वर करणे ज्याला जमत नाही त्याने शंका कागदावर लिहून तास संपल्यावर दाखवावी. यात कमीपणा नाही. गांधीजी लंडनला शिकत असताना तेथील शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत होते. एका वादात त्यांना आपले मत मांडायचे होते, पण बोलण्याचे धैर्य होईना. तेव्हा त्यांनी ते लिहून नेले आणि दुसऱ्याने वाचून दाखवले. हेच गांधी त्याआधी, १८८८ साली, भावनगरच्या सामळदास महाविद्यालयात दाखल झाले होते. तेथील व्याख्याने त्यांना समजेनात, आणि एक सत्र संपताच ते घरी परतले. पहिल्या सत्रावरून माणसाची किंमत करणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. मात्र तोंडी परीक्षा कागदावर देता येत नाही. तेथे अबोल मुलाचे हक्काचे गुण जातात. म्हणून परीक्षेआधी आठ दिवस एका मित्राने प्रश्न विचारावेत आणि याने मोठ्याने उत्तरे द्यावीत. हे स्वभाव बदलणे नव्हे; पोहायला शिकण्यासारखी ही एक कला आहे.

चौथी गोष्ट एकांताची. अंतर्मुख माणसाला एकांत ही चैन नसते. दिवसभराच्या गर्दीनंतर त्याला तो जेवणासारखा लागतो. कॉट बेसिसवर राहणाऱ्याने अभ्यासिकेत जागा घ्यावी. पुण्या-पिंपरीची अभ्यासिका ही अबोल माणसांसाठीच निघाली असावी अशी संस्था आहे: शेजारी माणूस आहे, पण बोलण्याची सक्ती नाही. परंतु एकांत आणि एकाकीपण यांतला फरक ओळखला पाहिजे. चाकणजवळच्या भामचंद्र डोंगरावर आणि देहूजवळच्या भंडारा डोंगरावर तुकाराम महाराज एकांतात बसत, अशी परंपरा आहे. पण ते डोंगरावरून खाली येत आणि गावात कीर्तनाला उभे राहत. ज्या एकांतातून माणूस ताजा होऊन परत येतो तो हितकर. ज्यातून परत यावेसेच वाटत नाही, ते एकाकीपण.

त्याची लक्षणे घरच्यांनी ओळखावीत. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीही आवडेनाशा होणे, रात्रीची झोप उडणे, जेवण तुटणे, तासांना दांडी मारून खोलीतच पडून राहणे, आपण नसलो तरी कोणाचे अडणार नाही असे शब्द तोंडी येणे, ही अंतर्मुखतेची लक्षणे नाहीत; ही आजाराची असू शकतात. येथे उपदेश न करता डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते आणि तेथे मराठीत बोलता येते. तसेच 'ओळख करून घेण्याच्या' नावाखाली वरच्या वर्गातील मुले छळ करीत असतील, तर ती सहन करण्याची बाब नाही. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २००९ पासून आहेत. अबोल मुलगा स्वतःहून तक्रार करीत नाही, म्हणून हे त्याच्या पालकांना ठाऊक असले पाहिजे.

आता आपल्या सर्वांच्या कर्तव्याविषयी दोन शब्द. घरी आल्यावर मुलाला 'किती मित्र झाले?' असे विचारू नये. तो प्रश्न परीक्षेसारखा वाटतो. 'प्रात्यक्षिकाला शेजारी कोण असतो?' असे विचारावे. त्याचे उत्तर एका नावाचे असते आणि ते देता येते. पाहुण्यांसमोर 'आमचा हा माणूसघाणा आहे' असे हसत हसतही म्हणू नये. मुले अशा शब्दांप्रमाणे घडत जातात. शिक्षकांनी गट पाडताना 'तुम्हीच आपापले गट करा' असे म्हटले की बोलकी मुले दोन मिनिटांत एकत्र होतात आणि तीन-चार मुले भिंतीशी उभी राहतात. गट शिक्षकांनीच पाडले तर तो अपमान टळतो. यास पैसा लागत नाही.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांवरही एक काम सोपवता येईल. वॉल्टन आणि कोहेन या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पहिल्या वर्षाच्या काही विद्यार्थ्यांना वरच्या वर्गातील मुलांचे अनुभव वाचायला दिले. आपण येथले नव्हेच असे सुरुवातीला जवळजवळ सर्वांनाच वाटते आणि ते कालांतराने ओसरते, एवढाच त्यांचा आशय होता. हे काम तासाभराचे होते. परंतु ज्यांना आपल्या स्थानाविषयी सर्वाधिक शंका वाटण्याचे कारण होते, त्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षे इतरांच्या तुलनेत सुधारत गेले. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली 'दीक्षारंभ' या नावाने नवागतांच्या स्वागताची रूपरेषा आखून दिली आहे. त्यात पाहुण्यांच्या भाषणांबरोबर वरच्या वर्गातील एखाद्या अबोल मुलाने आपले पहिले वर्ष कसे गेले ते लिहून ठेवलेले वाचायला मिळाले, तर त्या कार्यक्रमाचा उपयोग दुप्पट होईल.

शेवटी, अबोल माणसाच्या हातून मोठे कार्य होत नाही, हा समज महाराष्ट्राने तरी बाळगू नये. धोंडो केशव कर्वे संकोची आणि मितभाषी होते. १८९१ साली ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले, १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, आणि १९१६ साली महिला विद्यापीठ उभे केले. वक्तृत्वाने सभा जिंकणारी माणसे त्यांच्या काळी पुष्कळ होती. कर्व्यांनी दारोदार जाऊन वर्गणी मागितली, आणि पुन्हा गेले, आणि पुन्हा गेले. लोकांनी त्यांच्यावर विश्वास टाकला तो त्यांच्या येण्याच्या सातत्यामुळे.

अबोल विद्यार्थ्याच्या पहिल्या वर्षाबद्दल मला जे सांगायचे आहे ते एवढेच. त्याने कमी बोलावे, खुशाल बोलावे. पण यावे, रोज यावे, आपल्या जागेवर बसावे. आणि एखाद्या दिवशी ती जागा रिकामी दिसली तर 'काल का आला नाहीस?' असे विचारणारा एक माणूस त्याला मिळाला पाहिजे. तो माणूस मिळवून देणे हे त्याच्या एकट्याचे काम नाही. या जूनमध्ये आपल्या इमारतीत, आपल्या खाणावळीत, आपल्या अभ्यासिकेत परगावचा एखादा गप्प मुलगा येऊन राहील. त्याचे नाव विचारून ठेवा.